चौकटीबाहेर जाऊन राहिलेली बाई

गोंदियात ‘एजंट’ म्हटलं की लोकांना विम्याचा आठवतो, नाहीतर रेल्वे तिकिटाचा. त्यामुळे आपल्या दुकानात आता एजंट कामाला लागणार, असं मी घरी जाहीर केलं तेव्हा बायकोनं पहिला प्रश्न विचारला, “जेवाले येईन का तो?”

तो जेवत नाही हे ऐकून तिचा त्याच्यावरचा विश्वासच उडाला.

माझं दुकान छपाईची पानं जुळवण्याचं. लग्नपत्रिका, राइस मिलच्या पोत्यांवरची चित्रं आणि दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम लागला की तिथल्या नाटकांची पाम्प्लेटं. नाटक एकच, पण गावागणिक पाम्प्लेट वेगळं. हे काम झटपट व्हावं म्हणून मी पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लहान लहान साधनं तयार करून ठेवली होती. एक गावाचं नाव बदलायचं, एक फोटो गोल कापायचं, एक मजकूर चौकटीत बसवायचं. आता एआय एजंट ती आपली आपण चालवू शकणार होता. अट एवढीच, की कोणतं साधन काय करतं आणि कधी वापरायचं हे मी लिहून द्यायचं. तो ते वाचणार आणि त्यावरून साधन निवडणार.

मराठीत लिहिलं तरी चालतं, हे कळल्यावर मी फुललोच. जन्मभर दुसऱ्यांचे मजकूर जुळवले, आता माझा मजकूर अक्षर न् अक्षर वाचणारा कोणीतरी भेटला होता. मी लिहिलंही अगदी तोंडून बोलतो तसं.

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. राहणार मुर्रीच्या, आणि नाटकांत सासू, आई, भिकारीण अशा भूमिका करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांचं नाव लांबलचक. त्यामुळे दर वर्षी पाम्प्लेटवर जागा संपायची ती नेमकी त्यांच्यापाशी, आणि त्या ‘इतर कलावंतां’त जाऊन बसायच्या.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “स्टेजवर मी शंभरदा मेली, पण पाम्प्लेटवर एकदाबी जन्मली नाही. गुडघे गेले, हा शेवटचा हंगाम. औंदा माझं नाव पायजे. पूर्ण.”

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. असे शब्द द्यायला मला फार आवडतं.

सकाळी एजंटला काम सोपवलं आणि मी चहाला गेलो. परत आलो तर सगळ्या गावांची पाम्प्लेटं तयार! मी टाळ्या वाजवल्या. बायकोनं केशोरीचं पाम्प्लेट उचललं, वरून खाली वाचलं आणि म्हणाली, “अजी, बाई कुठं गेली?”

बाई नव्हती. केशोरीत नव्हती, कोहमाऱ्यात नव्हती, कुठंच नव्हती. एजंटचा अहवाल मात्र अत्यंत नम्र होता: ‘चौकटीबाहेर राहिलेली एक ओळ आढळली. सूचनेप्रमाणे साफ केली.’

मी माझ्या सूचना काढल्या. मजकूर बसवायच्या साधनापुढे लिहिलं होतं: ‘ओळ चौकटीबाहेर जाऊन राहिली तर हे वापर.’ त्याच्याखालीच छपाईपूर्वी कचरा काढायचं साधन: ‘चौकटीबाहेर राहिलेलं साफ कर.’

आमच्याकडे ‘जाऊन राहिली’ म्हणजे आत्ता जाते आहे, धरा तिला! एजंट शिकला होता पुस्तकी मराठी. त्याला वाटलं, बाई बाहेर गेली, तिथंच राहिली, म्हणजे कचरा.

“पाहा,” बायको म्हणाली, “तुमचं बोलणं मले समजाले दहा वर्षं लागले. त्या बिचाऱ्याले एका सकाळी कसं समजंन?”

मी बाह्या सरसावल्या आणि सूचना नव्यानं लिहिल्या. शाळेतल्या गुरुजींना दाखवता येईल अशा मराठीत. ‘मजकूर चौकटीत मावत नसेल तर हे साधन वापरावे. कोणत्याही माणसाचे नाव कधीही काढू नये. जागा कमी पडल्यास इतर गोष्टी लहान कराव्यात.’ इथं थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवत होता. मी पुढं लिहिलं, ‘सुरुवात नायकाच्या फोटोपासून करावी.’

एजंटनं ते शब्दशः पाळलं.

दुसऱ्या दिवशी नायक स्वतः दारात उभा. नाटक कंपनीचा मालकही तोच. हातात पाम्प्लेटांच्या नमुन्यांचा गठ्ठा. “काऊन जी, माझा फोटो कायले आकसला? बोराएवढं तोंड दिसून राहिलं!”

“एजंटनं केलं,” मी म्हणालो. पहिल्यांदाच मला तो ठेवण्याचा खरा फायदा कळला.

नायक आणखी काही बोलणार, तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी गठ्ठ्यातलं एक पाम्प्लेट ओढलं, चष्मा चढवला, बोट ठेवलं आणि स्वतःचं नाव वाचलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, कंसात मुर्री. मग पुन्हा वाचलं, यावेळी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात. रस्त्यावरची ई-रिक्षा थांबली. समोरचा पानवाला बाहेर आला. नायकानं टोपी काढली. म्हणाला, “राहू द्या. असंच छापा.”

बाईंनी कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरला. जाता जाता वळून म्हणाल्या, “भाऊ, त्या एजंटले सांगा, मंडईले ये म्हणा. पहिल्या रांगेत बसवीन.”

“तो जेवत नाही,” आतून बायको ओरडली.

“नाटक पाहाले जेवाले कायले लागते?” बाई म्हणाल्या, आणि नावासकट निघून गेल्या.