चांद्याचा दाखला

विंचूरच्या भिकानं बारा वर्षं चांद्या बैलाच्या संगतीनं काढली. जोडीतला दुसरा बैल तीनदा बदलला, चांद्या तोच राहिला. लासलगावच्या बाजाराला गाडी कांद्यानं गच्च भरलेली असली तरी भिकानं त्याच्यावर कधी आसूड उचलला नाही. म्हातारा झाला की याला बसून खायला घालायचं, असं तो बायकोला, कुसाबाईला, शंभरदा सांगे. जन्मभर राबला, त्याचा तेवढा हक्क आहे, एवढं साधं त्याचं म्हणणं. लोक हसत. हसोत बापडे.

घरात मात्र शब्द चाले तो धाकट्या भावाचा, खंडेरावाचा. तो चौथी शिकलेला, भिका अंगठेबहाद्दर. अठ्ठ्याहत्तर साली चांद्या थकला, तरी खंडेराव त्याला कुळवाला जुंपायचाच. भिकानं हातापाया पडून पाहिलं. मग एके दिवशी खंडेराव आपणहून गोड बोलला. जनावरांसाठी सरकारनं कायदा केलाय, बैल कामाचा नाही असा डॉक्टरचा दाखला आणला की आपण त्याला जुंपणार नाही, म्हणाला. आपल्या बैलासाठी सरकारनं कायदा करावा, याचं भिकाला कोण कौतुक!

दोघे भाऊ बैल घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. खंडेराव आधी आत जाऊन बोलून आला. मग डॉक्टरांनी भिकाला विचारलं, हा ओढकाम करतो का? खरं तर चांद्या अजून अर्धी गाडी सहज ओढत होता. पण कधी खोटं न बोललेला भिका त्या दिवशी बोलला.

“काय कामाचा नाय राहिला, सायेब.”

अंगठा उठला, दाखला झाला. घरी येऊन त्यानं चांद्याला गूळ भरवला.

चैत्रात भिका आणि कुसाबाई वणीला देवीच्या दर्शनाला गेली. परतली तर दावणीला चांद्या नव्हता. खंडेरावानं त्याला कसायाला विकला होता. भिका धावत दवाखान्यात गेला, फिर्याद सांगायला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी त्याला बसवलं आणि सांगितलं, तो दाखला बैल कापायच्या परवानगीचाच होता. तुझ्या भावानं तसंच सांगून मागितला होता. कायदा कामाच्या बैलाला राखतो. चांद्या कामाचा ठरला असता, तर त्याला कुणाला हात लावता आला नसता.

कसला मेला हा कायदा! राबेल तोवर जीव, थकला की मांस.

भिका घरी आला तेव्हा खंडेराव ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. पाठच्या भावानं केसानं गळा कापला होता. भिकानं एवढंच विचारलं, कागदात काय हाय ते मला का नाय सांगितलं?

“तू इचारलं नाय,” खंडेराव म्हणाला. “आन बिनकामाचा हाय असं म्या नाय म्हनलं, दादा. तू म्हनला.”

भिका पुढं नऊ वर्षं जगला. भावाशी तो पुन्हा बोलला नाही. कुसाबाईपाशी मात्र एकच गोष्ट घोळून घोळून सांगे. डॉक्टरांना ते वाक्य सांगताना चांद्या त्याच्याच खांद्यावर मान टेकून उभा होता.