खोकल्याची बाटली

आमच्या चाळीत दारू न पिणारा पुरुष एकच होता, आणि तो माझा नवरा होता. ही गोष्ट मी इतक्या वेळा आणि इतक्या जणींना ऐकवली की पुढे जे झालं त्यात माझ्या त्या तोऱ्याचाही वाटा आहे, असं मला वाटतं. भिवंडीत कामतघरला आमची एक खोली होती, पुढे सामाईक गॅलरी आणि मागच्या भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी शेजारणींचे नवरे झोकांड्या खात यायचे. आमचे हे सरळ चालत यायचे, केसांत कापसाचे तंतू आणि खिशात औषधाची बाटली. ‘औषधच घेतात ना, दारू तर नाही,’ असं मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे.

औषध खोकल्याचं होतं. हे मूळचे अंजूरचे, घरी भातशेती. लग्नाआधीच भिवंडीत लूमवर लागले होते. चार लूम सांभाळायचे, पाळी बारा तासांची, आणि शेडमध्ये धूळ अशी की समोरचा माणूस धूसर दिसायचा. आमच्या लग्नाला वर्ष होतं न होतं तोच त्यांना खोकला लागला. ढास सुरू झाली की शेजारच्या खोलीतली बाई भिंतीवर थाप मारायची. शेवटी धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मेडिकलमधून ती तपकिरी, दाट, गोड औषधाची बाटली घरात आली. त्या वर्षी इंदिराबाईंचं राज्य होतं, रॉकेलला रांगा होत्या, एवढंच आठवतं.

आठवड्यात खोकला थांबला. मीच चमच्याने मोजून द्यायचे. आणि खरं सांगायचं तर मलाही ते औषध आवडायला लागलं. माझा नवरा मुळात घुमा. पण औषध घेतल्यावर अर्ध्या तासाने त्यांना बोलायला सुचायचं. लहानपणी खाडीच्या चिखलात निवट्या मासळी कशी धरायचे, शेजारच्या लूमवरचा भैया झोपेत कसा गातो, असलं काहीबाही सांगत बसायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षात ते माझ्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या पावसाळ्यात बोलले. मी म्हटलं, माणूस सुधारला.

मग चमचा सुटला. बाटली तोंडाला लागली. आठवड्याला एक होती ती दिवसाला एक झाली. मेडिकलवाले तीच चिठ्ठी बघून बाटली देत होते, वरची तारीख कुणी वाचत नव्हतं. चिठ्ठी घड्यांवर फाटायला आली तेव्हा मी भाताच्या शितांनी तिला मागून कागद चिकटवून दिला. औषधाची चिठ्ठी, जपायला नको?

त्यांचं जेवण कमी झालं, पोट साफ होईना, अंग खाजवत बसायचे, भरल्या दुपारी डुलक्या काढायचे. मी दृष्ट काढली. एके दिवशी चालू लूमसमोर त्यांचा डोळा लागला. ताण्याचे उभे धागे तुटत गेले आणि कितीतरी वार कापड वाया गेलं. शेजारच्या लूमवरचा तो भैया त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. दारातच उभा राहून म्हणाला, “भाभी, बुरा मत मानना. इसको खाँसी कब की नहीं है. इसको बोतल है.” मी त्याच्या तोंडावर दार लावलं. कडी घातली, पण त्याचं खरं होतं. शेवटचा खोकला मी कधी ऐकला ते मला आठवेना.

आता व्यसन सोडवायची केंद्रं झाली आहेत, तिथे घरच्यांनाही समोर बसवून चार गोष्टी शिकवतात म्हणे. तेव्हा असलं काही आमच्या कानावरही नव्हतं. हे व्यसन आहे हेच कुणाच्या गळी उतरत नव्हतं. औषधाचं कसलं व्यसन? सासऱ्यांच्या कानावर घातलं तर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, “नाव औषध, काम दारूचं. अंजूरला आणा, मी बघतो.”

त्यांनी बघितलं म्हणजे भाताच्या खोलीत कोंडलं. पहिल्या दिवशी नुसत्या शिंका आणि जांभया. दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, पोटात असे पिळे की माणूस धनुष्यासारखा वाकायचा. पाय झाडायचे, घामाने चटई ओली. भगत आला. नारळ उतरवला, लिंबू कापलं, “बाहेरचं हाय” म्हणून सांगून कोंबडा घेऊन गेला. सासरे दाराशी खाट टाकून बसले होते. “ओरडू दे. मोकळा होईल,” म्हणायचे. तिसऱ्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, “पोरगा मरंल माझा. मला न्हाय बघवत.” आणि ज्या बाईने उभ्या जन्मात एकटीने भिवंडीचा बाजार केला नव्हता, ती माझ्याकडची चिकटवलेली चिठ्ठी कमरेला खोचून एसटीत बसली आणि बाटली घेऊन आली. दोन घोटांत पोरगा शांत झाला. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सासऱ्यांकडे असं बघितलं की ते उठून शेतावर गेले.

मी परत आले ती थेट डॉक्टरांकडे. चिठ्ठी त्यांच्या टेबलावर आपटली. “हे अक्षर कुणाचं?”

त्यांनी चष्मा लावून बघितलं. “माझंच. पण मी पंधरा दिवसांपुरतं लिहिलं होतं.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “पंधरा दिवसांनी हा माणूस आला की नाही, हे मी विचारायला हवं होतं.”

मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण चूक कबूल करणाऱ्याशी भांडणार कसं? त्यांनी मला बसवून समजावलं. या औषधात अफूच्या जातीचं काही असतं, शरीराला ते लागलंय, एकदम तोडलं की अंजूरला झालं तेच पुन्हा होणार. हळूहळू उतरवायचं. बाटली ते आपल्या दवाखान्यातच भरून देणार. चव तीच, रंग तोच, आतलं औषध मात्र दर आठवड्याला थोडं कमी. बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी, एका वेळी एका खुणेपर्यंतच प्यायचं.

“त्याला सांगून करू,” डॉक्टर म्हणाले. “किती उतरलो ते त्याचं त्याला कळायला हवं.”

“सांगितलंत की त्याच दिवशी ते नाक्यावर दुसरी बाटली घेतील. माझा नवरा मला ठाऊक आहे.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बरं. पण शेवटी सांगायचंच. आणि ते मी सांगणार.” मी मान डोलावली.

हे स्वतःच घाबरले होते. भाताची खोली त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. म्हणाले, “तुझ्याच हातानं दे. माझ्या ताब्यात ठेवू नको, माझा मला भरवसा न्हाय.” चिठ्ठी मी त्यांच्यासमोर स्टोव्हवर धरून जाळली. बाटली ट्रंकेत, किल्ली माझ्या कमरेला. नाक्यावरच्या तिन्ही मेडिकलवाल्यांना जाऊन सांगितलं, यांना बाटली दिलीत तर दुकानासमोर बसून बोंब मारीन. दोघे घाबरले. तिसरा हसला.

पहिले आठवडे वाईट गेले. नाक गळायचं, चिडचिड, आणि पाय तर स्वस्थ राहायचेच नाहीत. मी पोटऱ्या दाबून द्यायचे. पण अंजूरसारखं काही झालं नाही. दर सोमवारी मी रिकामी बाटली घेऊन जायचे आणि भरलेली आणायचे, आणि आत काय कमी झालंय ते फक्त मला आणि डॉक्टरांना ठाऊक असायचं. एवढा मोठा माणूस माझ्या मुठीत आहे याची मला गंमत वाटायची, हेही कबूल करते. ते खुणेपर्यंत प्यायचे, छातीवर हात ठेवायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, “उतरलं बघ. गरम गरम.”

चौथ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, “आता यात काही नाही. जळकी साखर, ज्येष्ठमध आणि पाणी.” त्या संध्याकाळीही हे म्हणाले, “उतरलं बघ.” मी भिंतीकडे तोंड करून हसू दाबलं. पण आनंदाने ऊरही भरून आला होता. ते पुन्हा चार लूम चालवत होते. ताटातला भात संपत होता. एका सकाळी स्वतः बोंबील घेऊन आले आणि गॅलरीत बसून साफ करायला लागले. महिना असा गेला. डॉक्टर म्हणाले, “गुरुवारी त्याला घेऊन या. मी सांगतो.”

मंगळवारी सकाळी मी नळावर रांगेत होते. त्यांची दिवसपाळी. ते मागून आले आणि म्हणाले, “औषध दे आधी.”

“हंडा भरते नि देते.”

“आधी दे म्हटलं ना. हंडा मोठा का माझा जीव? तुला काय कळणार, तुझ्या बापानं कधी घाम गाळलाय का?”

सगळ्या बायका ऐकत होत्या. बाप काढला आणि माझं डोकं फिरलं. “कसलं औषध?” मी म्हटलं. “महिना झाला, साखरेचं पाणी पिताय! काही नाही त्यात! आणि वर रोज...” मी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, आणि त्यांचाच आवाज काढून म्हटलं, “उतरलं बघ! गरम गरम!”

नकला मला चांगल्या जमतात. बायका हंडे खाली ठेवून हसल्या. ज्यांच्या नवऱ्यांच्या दारूवरून मी इतके दिवस टोमणे मारले होते, त्या तर पोट धरून हसल्या.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू विचारलं, “खरं?”

“डॉक्टरांना विचारा.”

“म्हणजे मी रोज बोलायचो, नि तू...” एवढंच म्हणाले आणि चहा न घेता ड्युटीवर गेले. संध्याकाळी आले, भिंतीकडे तोंड करून झोपले. बुधवारी सकाळी मी डबा पुढे केला तर त्याला हात लावला नाही. “तुझ्या हातच्यात काय असतंय ते मला आता कळत न्हाय.”

तेव्हाही मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, “मग राहा उपाशी.” आमचं शेवटचं बोलणं ते.

दुपारच्या सुट्टीत ते नाक्यावर गेले. तिसऱ्या मेडिकलवाल्याने बाटली दिली. पूर्वी प्यायचे तशी त्यांनी ती पुरी प्यायली आणि शेडमध्ये कापडाच्या ताग्यांवर जाऊन आडवे झाले. पुढचं मला भैयाने सांगितलं. मध्येच लाइट गेली, सगळे लूम एकदम थांबले, आणि त्या शांततेत यांचं घोरणं ऐकू आलं. मोठं, अडखळत येणारं. सगळे हसले. भैयाही हसला. मग लाइट आली, लूम सुरू झाले, आणि पुढे कुणाला काही ऐकू आलं नाही. पाळी संपल्यावर तो उठवायला गेला. “हाथ ठंडा था, भाभी,” असं म्हणून तो माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला.

दहाव्याला डॉक्टर आले. गॅलरीत मी दिलेल्या पाटावर बसले. म्हणाले, “पूर्वी एक बाटली तो सहज पचवायचा. पण शरीराची ती सवय मोडली होती. नव्या माणसाने पहिल्यांदा घेतल्यासारखं झालं.”

मी विचारलं, “म्हणजे बरे झाले होते, म्हणून गेले?”

सासूबाई आत होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज खाली आणला. “गुरुवारी तुम्ही त्यांना काय सांगणार होतात?”

“हेच,” डॉक्टर म्हणाले, “की महिनाभर तुझ्या बाटलीत काही नव्हतं. महिनाभर चार लूम तू स्वतःच्या जिवावर चालवलेस.”

मीही तेच सांगितलं होतं. नळावर, चार बायकांसमोर, त्यांची नक्कल करून.