बोकारे सरांची गामा दुर्बीण

बोकारे सर आकाशाकडे कधी बघत नसत. लाल दिव्याच्या गाडीकडे बघत. रायपूर राजधानी झालं आणि आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या या विभागप्रमुखांना जिकडेतिकडे मंत्री दिसू लागले. "ओळखी ठेवा लागते. ज्ञान काय, पुस्तकात पडलंच आहे," असं ते आम्हा प्राध्यापकांना ऐकवत. स्वतः त्यांनी ते तिथून कधी उचललं नाही.

सुनंदा देव आमच्यात नवी आली होती. तिने डोंगरावरच्या वेधशाळेत गामा किरणांवर काम केलेलं. अंतराळातला गामा किरण वरच हवेवर आदळतो आणि निमिषभर निळसर उजेड पडतो. तेवढाच उजेड खालून मोठ्या आरशांनी टिपायचा, म्हणून मिट्ट काळोख हवा. सुनंदाने सरगुज्याकडचं एक निर्मनुष्य पठार हेरलं, खेटे घालून आरसे मंजूर करवले. आरसे आले, आणि सरांनी ते शंकर नगरातल्या कॉलेजच्या गच्चीवर चढवले.

"सर, इथं रस्त्याचे दिवे आहेत. काही दिसणार नाही," सुनंदा म्हणाली.

"कोणाले पाह्याचं आहे? तुह्या पठारावर मंत्रीजी येऊन राहिले का फीत कापाले?"

भर दुपारी उद्घाटन झालं. सर माइकवर म्हणाले, "आज गामा किरणें रायपुर की धरती पर उतर आई हैं." टाळ्या पडल्या. सुनंदा उठून उभी राहिली. "ज़मीन तक पहुँचती ही नहीं, सर. इसीलिए तो दूरबीन लगती है."

मंत्री हसले. सरांनी आठवड्याभरात तिला प्रकल्पातून काढलं. "पोट्टी जास्तच शिकली," एवढंच कारण मला दिलं. ती नोकरी सोडून लडाखच्या वेधशाळेत गेली. पुढे तिचं नाव वर्तमानपत्रात आलं, तेव्हा सर स्टाफरूममध्ये सांगत सुटले, "माह्याच हाताखालची."

निवृत्तीनंतर ते अंथरुणाला खिळले. मी बूढ़ापाऱ्यात त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "सुनंदानं आरसे मागितले आहेत. सरगुज्याच्या पठारावर लावू म्हणते. कॉलेजवाले म्हणतात, बोकारे सर हो म्हणाले तर देऊ."

सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, माणूस विरघळला.

"नको," ते म्हणाले. "गच्ची उघडी पडन."

ते गेल्यावर आम्ही आरसे उतरवले. ऊनपावसाने मुलामा पार उडाला होता. एकही कामाचा निघाला नाही. सरांना पोचवून आल्यावर मी आंघोळ करून पोटभर जेवलो होतो. आरसे उतरवले त्या दिवशी मात्र घास उतरला नाही.