मंदाताई आणि भाड्याचा मावसभाऊ

देवासच्या रक्तपेढीत मंदाताई ‘नाही’ म्हणाल्या की टेकडीवरची माकडं हातातला प्रसाद खाली ठेवायची. मी त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ होतो. माझा उजवा कान तेव्हापासून अर्धाच चालतो. पेढीच्या या डॉक्टरीणबाई उंचीनं जेमतेम खुर्चीएवढ्या, पण त्यांच्यापुढे भलेभले चपला बाहेर काढत.

एकदा जुन्या सरदार घराण्यातले आबासाहेब आले. आधी मिशा आत आल्या, बऱ्याच वेळानं ते. आईसाहेबांचं मांडीचं हाड मोडलेलं, सकाळी ऑपरेशन, आणि त्यांच्या गटाचं रक्त पेढीत संपलेलं. सोबत पत्नी आणि हळदीसारखा पिवळा पडलेला एक इसम.

“हा आमचा मावसभाऊ. याचं घ्या. टेस्ट-वेस्ट छोडो मॅडम, घरचंच रक्त आहे!”

ताईंनी पाहुण्याला विचारलं, “लग्नात तुमच्याकडे देवक कशाचं बसतं?”

“देवक? हमारे यहाँ तो डीजे बैठता है, मॅडमजी.”

ताईंनी त्याची बाही वर सारली. कोपराशी सुयांची नुसती चाळण! “विकतचा भाऊ आणलात, आबासाहेब? याच्याच अंगात रक्त नाही, आईसाहेबांना काय देणार?” त्याला त्यांनी पोहे खाऊ घातले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि असा दम भरला की तो थेट लोहारदा गावाला जाऊन थांबला म्हणतात.

“तुमचा गट कोणता?”

आबासाहेब छताकडे बघत म्हणाले, “आम्हाला सुईनं चक्कर येते.”

तेव्हा मागून वहिनीसाहेब पुढे झाल्या. “माझा गट सासूबाईंचाच आहे. घ्या.”

“सुनेचं रक्त? आईसाहेब काय म्हणतील!”

“शुद्धीवर आल्या की विचारा,” असं म्हणत वहिनींनी हात पुढे केला.

तरीही तपासण्या पुऱ्या होईपर्यंत ताईंनी पिशवी हलू दिली नाही. आबासाहेबांनी भोपाळपर्यंत फोन फिरवले, बदलीच्या धमक्या दिल्या. ताई म्हणाल्या, “आवाज वाढवा, मशीनला ऐकू येत नाही.” सकाळचं ऑपरेशन दुपारी झालं. आईसाहेब वाचल्या.

आणि बदली झालीच. धार!

बसस्टँडवर मी म्हटलं, “ताई, थोडं नमतं घेतलं असतं तर?”

अख्खा स्टँड थबकेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “अरे भिया, ज्याच्या अंगात ते रक्त जाणार, तो गुंगीत पडलेला असतो. त्याला ‘कुणाचं आहे, तपासलं का’ हे विचारता येत नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी भांडायला नको? धारला पाठवा, नाहीतर नेमावरला नर्मदेत सोडा, मी भांडणार!”

कंडक्टरनं न विचारता त्यांना खिडकीची जागा दिली.