गिरणीबाईंची गारगोटी

आमच्या गिरणीबाई दगड चाखून बघत. थट्टा नव्हे. डब्यातून काढलेल्या भुकटीची चिमूट पुढच्या दातांत धरायच्या, डोळे मिटायच्या आणि जबडा हळूच इकडून तिकडे फिरवायच्या. जरा कचकचलं की डबा परत मशीनवर. कचकच थांबली की म्हणायच्या, "आता हितनं फुडं दातांचं काम न्हाई." सांगलीच्या कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकवत आणि वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण भुकटी मनासारखी झाली की त्यांच्या तोंडून थेट त्यांचं गाव वडूज बोलायला लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतलेली बॉल मिल होती. जाड पोलादी डबा, त्यात पोलादाच्याच गोळ्या, खाली मोटर. डब्यात दगडाचे तुकडे घालायचे, झाकण आवळायचं आणि फिरवत ठेवायचं. गोळ्या एकमेकींवर आदळतात आणि मध्ये सापडलेल्या दगडाचं पीठ होतं. खडखडाट असा की शेजारचे रसायनशास्त्राचे सर भिंतीवर थापा मारायचे. गिरणीबाई हे नाव पोरांनी ठेवलं ते त्यावरूनच, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. हजेरी घेताना मागच्या बाकावरून कुणी "दळण झालं का?" असं पुटपुटलं, तर मान वर न करता म्हणायच्या, "झालं की. तू डबा आणला नाहीस?"

दळण्याचा धीर मात्र त्यांच्याकडून शिकावा. डबा तापला की मशीन बंद करायची, हाताला सोसेल इतका गार होऊ द्यायचा, पुन्हा चालू. असे आठवडेच्या आठवडे जात. मी कंटाळले की म्हणत, "अगं, दगड काय कुठं पळून जातोय?" त्यांना दगड इतका बारीक करायचा होता, की केसाच्या रुंदीत त्याचे हजारावर कण शेजारीशेजारी बसावेत. असला कण डोळ्यांना दिसत नाही, आमच्या सूक्ष्मदर्शकालाही नाही. भुकटी क्ष-किरण तपासणीसाठी पुण्याला पाठवायची आणि आलेख येईपर्यंत वाट बघायची. भरड भुकटीच्या आलेखात टोकदार सुळके उठतात. कण बारीक होत गेले की ते बुटके आणि रुंद होत जातात. एके दिवशी आलेलं पाकीट फोडून बाई ओरडल्याच, "बघ गं, सुळक्यांच्या टेकड्या झाल्या! लय बारीक झालं, लय!" पाटणकडच्या सड्यावरून, त्या उघड्या खडकाळ पठारावरून, आम्ही पोत्यात भरून आणलेला तो तांबडा दगड, ज्याच्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली होती, तो आता कुणालाच दिसणार नव्हता, पण होता.

खंडेनवमीला शिपाईमामा मिलला झेंडूचा हार घालत. बाई बौद्ध घरातल्या. स्वतः पूजा करत नसत, पण मामांना कधी अडवलं नाही. फक्त डब्यावर हात ठेवून उभ्या राहत. "मामा, मोटरला काय लावायची ती हळद लावा, डब्याला नको. हळद सांगलीची असली तरी माझ्या दगडात नको."

मामा म्हणत, "आवं बाई, वरसातनं एकदा तिला बी मान नको व्हय?"

"मान द्या की. लांबनं द्या."

डब्यात बाहेरचं काही जाऊ नये म्हणून केवढं हे जीव जाळणं!

या दगडावरच त्यांची डॉक्टरेट चालली होती. तो जसजसा बारीक होई तसतसा लोहचुंबकाला चिकटू लागे, एरवी न चिकटणारा दगड! बारीक होता होता त्याचा स्वभावच पालटतो, असं त्यांच्या प्रबंधाचं म्हणणं होतं. कितीतरी वर्षांचं काम होतं. टायपिंग पुरं झालं होतं, कोल्हापूरला विद्यापीठात द्यायचाच काय तो बाकी होता. तिकडे वडूजमध्ये त्यांच्या आईनं लेक 'डाक्टर' होणार म्हणून अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं. वडील लेकीचं कॉलेज संपायच्या आत गेलेले. दुसऱ्यांच्या रानात खुरपून आईनंच त्यांना शिकवलं होतं.

आणि प्रबंध द्यायच्या त्याच आठवड्यात, कुणी सांगितलेलं नसताना, बाईंनी डब्यात गारगोटी घातली. पांढरीशुभ्र, जिच्यात लोखंडाचा अंशही नाही अशी. तोच डबा, त्याच गोळ्या, तेवढंच दळण. मी विचारलं, "हे आता कशाला, मॅडम?" म्हणाल्या, "मनातली कचकच जाईना बघ." डबा उघडला तर भुकटी राखाडी. बाईंनी कागदावर ती पसरून खालून चुंबक फिरवला, आणि भुकटी त्याच्यामागून सरकू लागली. गोळ्या झिजत होत्या. हळदीला लांब उभं करणाऱ्या बाईंच्या दगडात लोखंड डब्यानंच घातलं होतं. स्वभाव दगडाचा नव्हताच.

बाई ऑफिसात गेल्या आणि आपल्या मार्गदर्शकांना त्यांनी फोन लावला. पलीकडचा आवाज दारात उभ्या मलाही ऐकू येत होता. "अहो बाई, देऊन टाका. गारगोटी दळून कोण बघायला बसलंय?"

"मी बघितलंय ना, सर," बाई म्हणाल्या.

तेवढंच. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा विचार करायलासुद्धा मला तेव्हा भीती वाटली.

दोन दिवसांनी पेढ्यांचा पुडा घेऊन बाईंच्या आई हजर. एसटीतून उतरून थेट प्रयोगशाळेत. बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "आये, न्हाई झाली मी डाक्टर. डब्याचं लोखंड दगडात मिसळत हुतं. समदं परत करायचं."

आईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "कुणी धरलं तुला?"

"कुणी न्हाई. माझं मीच."

"मग दळ की परत. बसलीस कशापायी?" असं म्हणून त्यांनी पुडा सोडला आणि मामांपासून सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले. "आणल्यात तर खावा."

पुढं अकीकाचा, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या कठीण दगडाचा, डबा आणि अकीकाच्याच गोळ्या मिळवण्यात बरेच दिवस गेले. पोलादापेक्षा त्या हलक्या, त्यामुळे दळण आणखी लांबलं. दगडात थोडाफार फरक या वेळीही दिसला, पण त्याचा गाजावाजा करावा असा तो नव्हता. दशक संपता संपता कोल्हापूरला तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांचा पहिलाच प्रश्न होता, मिलमधलं लोखंड भुकटीत आलं नाही कशावरून? बाईंनी गारगोटीपासून सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

बाहेर आल्यावर सगळे 'डॉक्टर, डॉक्टर' म्हणून अभिनंदन करत होते. आई आदल्या वर्षी मिरजेच्या दवाखान्यात वारल्या होत्या. गर्दी पांगल्यावर बाई व्हरांड्यातल्या बाकावर माझ्याशेजारी टेकल्या, पदरानं चष्मा पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "आयेला सांगायचं ऱ्हायलं गं. पण तिला खोटं सांगितलं न्हाई."