निवडुंगाला पाणी

निवडुंग वाढवायला कसली अक्कल लागते, असं हेंद्रेपाड्यातल्या चाळीत सगळ्यांना वाटायचं. नवसूचा अख्खा उन्हाळा त्यापायीच नासला.

नवसू अंबरनाथच्या कारखान्यात हेल्पर, मूळचा बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. वाडीमागच्या टेकडीवर निवडुंगाची दाट जाळी होती. शेळ्या तिच्यात तोंड घालत नसत, म्हणून पाखरांनी टाकलेल्या बियांतून करवंदाची, तोरणाची झुडपं तिच्या आडोशाला सुखाने वाढत. एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर रस्त्यासाठी ती जाळी खणून काढली आणि होळीपर्यंत शेळ्यांनी टेकडी साफ केली. जाळीची चाळीस कांडं तेवढी नवसूने गोणीत भरून आणली. रस्त्याचं काम संपलं की ती पुन्हा टेकडीवर लावायची होती. तेवढंच बियाणं उरलं होतं.

कापलेली बाजू आठ दिवस सावलीत सुकवून त्याने कांडं डालड्याच्या डब्यांत, वाळूत रोवली. आता फक्त पाणी घालायचं नाही, एवढंच काम. पण तेच चाळीला जमेना. बारवीच्याच पाण्याचा नळ, दिवसाआड यायचा. तो आला की आधीचं भरलेलं पाणी शिळं, आणि शिळं पाणी गटारात ओतायला कुणाचा हात धजत नसे. ते जायचं नवसूच्या डब्यांत. पाळीवरून येऊन त्याने कांड्याला बोट लावलं की पिकल्या केळ्यासारखं आत जायचं.

"किती वेळा सांगू, पाणी घालू नका म्हणून?"

"मग काय गटारात ओतू?" बायको आवडी म्हणायची. "माझा नाय जीव होत."

त्याने डब्यांवर पत्रा झाकला. शेजारच्या वेणूबाईंनी तो उचलून दोन तांबे घातले, वर त्यालाच सुनावलं, की मुकं झाड म्हणून काय तहानेने मारायचं. नवसूने कपाळावर हात मारून घेतला. अकरा उरली तेव्हा ती वाडीत बहिणीच्या, राहीच्या पडवीत नेऊन आदळली आणि पुढे दीड महिना तिकडे फिरकला नाही. मेलेली बघायला कोण जातो?

मे संपताना गेला. अकराही टणक उभी होती, शेंड्यांना कोंब होते. त्याला हसूच फुटलं.

"काय केलंस गं?"

राहीने डोक्यावरचा हंडा उतरवला. तिला धाप लागली होती. "काय बी नाय केलं. त्यांना पानी कुठलं घालू, दादा? आमचंच दोन उतार उतरून आनतो."

खाली धरण भरउन्हात चकाकत होतं. नवसूला घरातली शिळ्या पाण्याची बादली आठवली. कांडं जगली होती, पण त्याला बहिणीकडे बघवेना.