पद्मिनीचे चार प्लग: काश्मिरी गेट, मायापुरी आणि फरीदाबाद

त्या मंगळवारी सकाळी मी देवपूजा उरकली, गणपतीला दुर्वा वाहिल्या आणि दादाच्या गाडीतून काढलेला जुना स्पार्क प्लग रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. खिडकीतून पाहिलं तर आर. के. पुरममधल्या आमच्या क्वार्टरसमोरचं मैदान दिसत नव्हतं. नोव्हेंबरात दिल्लीत धुकं पडतं असं बाहेरचे लोक समजतात. ते धुकं नसतं. त्याला वास असतो आणि ते घशात राहतं.

"आज तरी मिळतील का?" बायकोनं डबा हातात देताना विचारलं.

"बघू."

"दोन हिवाळे हेच चाललंय, असं वहिनी काल फोनवर म्हणाल्या. रडत होत्या."

मी चपला घातल्या.

जुन्या गाडीचे सुटे भाग शोधायला दिल्लीत येणाऱ्यांसाठी ही नोंद उपयोगी पडेल म्हणून लिहितोय, पण आधी थोडं घरचं सांगायला हवं. दादा माझा थोरला भाऊ. आमचं गाव आजऱ्याजवळ. मी गावच्या शाळेत असतानाच तो फरीदाबादला फाउंड्रीत लागला आणि पुढं मलाही त्यानंच इकडं आणलं, परीक्षेला बसवलं, केंद्र सरकारच्या नोकरीत चिकटवलं. त्याची पद्मिनी वयानं जवळजवळ माझ्याएवढी. इतक्या जुन्या गाड्यांना इथल्या रस्त्यांवर आता बंदी आहे, त्यामुळं ती त्याच्या अंगणात उभी असते. आणि दादा आतल्या खोलीत असतो, नाकात ऑक्सिजनची नळी लावून. फाउंड्रीची धूळ आणि इथली हवा, दोघांनी मिळून त्याची फुप्फुसं खाल्ली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की थंडी वाढायच्या आत यांना दिल्लीतून हलवा.

दादा नाही म्हणाला नाही. म्हणाला, "येतो की. पण गाडी घेऊन. आणि ती ट्रकवर स्वतःच्या इंजिनावर चढेल. उचलून नेतात ते मढं."

आमच्या घरात थोरल्याचा शब्द धाकटा मोडत नाही. माझे केस पिकले, तरी दादासमोर मी खुर्चीत मागं टेकून बसत नाही. त्यामुळं गावी जायची तिकिटं काढण्याऐवजी मी गाडीच्या मागं लागलो. परराज्यात नेण्याचं ना-हरकत पत्र मिळालं, टाकी साफ झाली, कार्ब्युरेटर झाला, बॅटरी आली. अडलं ते प्लगांवर.

मेट्रोच्या तपासणीत सुरक्षावाल्यानं रुमाल उघडायला लावला.

"ये क्या है, अंकल?"

"स्पार्क प्लग है. पद्मिनी का."

"पद्मिनी! अभी तक ज़िंदा है?"

"इसी से पता चलेगा," मी म्हटलं. तो हसला आणि जाऊ दिलं.

आर. के. पुरमहून हौज खासला गाडी बदलली की पिवळी लाइन थेट काश्मिरी गेटला नेते. रिक्षानं जाऊ नका, अर्धा दिवस रस्त्यात जाईल. सुट्या भागांची दुकानं अकरानंतर नीट उघडतात. सोबत जुना प्लग असू द्या, नुसतं गाडीचं नाव सांगून काम होत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. आट्यांची, म्हणजे पेचाच्या वळ्यांची जाडी, आट्यांची लांबी आणि प्लगाचा स्वभाव, म्हणजे तो गरम की थंड. आट्या लांब निघाल्या तर पिस्टन येऊन प्लगावर आदळतो. गरम प्लग स्वतःची उष्णता धरून ठेवतो आणि काजळी जाळून टाकतो. थंड प्लग ती लवकर सोडून देतो, तो लांब पल्ल्याला आणि वेगाला चांगला. आमच्यासारखी उभी राहून राहून कधीतरी चालू होणारी गाडी असेल तर थंड प्लग काळा पडून मरतो.

दुकानातले म्हातारे सरदारजी प्लग हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"पापाजी, ये माल अब कहाँ," त्यांच्या मुलानं मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं.

"तू चुप कर. तुझे मोबाइल के सिवा कुछ दिखता है?" सरदारजी माझ्याकडं वळले. "किसके लिए चाहिए, बेटा?"

"बड़े भाई के लिए."

त्यांनी आतून चार प्लग काढून दिले. लांबी बरोबर होती. थोडे थंड पडतील, म्हणाले, पण काम चालेल. बाहेर हातगाडीवर छोले-कुलचे खाल्ले. तिखट झणझणीत होते, तरी घशातल्या धुराची चव गेली नाही. तसाच घरी आलो आणि इथं एक चूक केली. नवी वस्तू देवापुढं ठेवल्याशिवाय वापरायची नाही ही आईची शिकवण. चारही प्लग पाटावर मांडले आणि ओलं हळद-कुंकू लावलं, नेमकं प्लगाच्या पांढऱ्या चिनीमातीवर.

दुसऱ्या दिवशी जांभळ्या लाइननं ओल्ड फरीदाबादला उतरलो. प्लग बसवले. इंजिन दोन उचक्या देऊन थांबलं. दादानं खिडकीतूनच ओळखलं.

"कुंकू लावलंस?"

"लावलं."

"अरे येड्या, त्या चिनीमातीवर डाग पडला की ठिणगी आत उडायच्या ऐवजी बाहेरून पळते. देव बॉनेटवर पण बसतो की." तो हसायला लागला आणि हसण्याचा खोकला झाला. वहिनींनी पाठ धरली. दम परत आल्यावर तो म्हणाला, "आणि हे थंड आहेत. पुसून लावलेस तरी दोन दिवसांत काळे होतील. दुसरे बघ."

त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणून मी दुसरे बघितले. करोल बागेतून आणलेल्यांना तो नकली म्हणाला, तेही मला पटलं, कारण छाप पुसट होता. मानेसरच्या एका ओळखीच्यानं पाठवलेल्यांच्या आट्या आखूड निघाल्या. प्रत्येक वेळी एखादा आठवडा जायचा आणि प्रत्येक वेळी दादा आणखी एक उशी पाठीशी घेऊन बसलेला दिसायचा. आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि माझ्याकडं बघायच्या.

मग एका शनिवारी मायापुरी. गुलाबी लाइनवर याच नावाचं स्टेशन आहे. जुन्या गाड्या इथं येऊन सुट्या होतात. ज्यांचं गाडीवर प्रेम आहे त्यांनी मन घट्ट करून जावं. दरवाजे एकीकडं रचलेले, स्टिअरिंगं दुसरीकडं, हेडलाइटांचे ढीग. जमीन तेलानं काळी. हातमोजे घेऊन जा, तोंडाला मास्क लावा आणि घासाघीस हसत करा. तिथं एका दुकानदारानं फळीवरून धुळीचा डबा काढला. आत मेणकागदात गुंडाळलेले चार प्लग, कधीच न वापरलेले, दादानं सांगितलेल्या नेमक्या नंबराचे. आट्या जुन्या प्लगाशी मोजून पाहिल्या, जुळल्या.

"किस्मतवाले हो," तो म्हणाला. "इसके बाद ये नंबर नहीं मिलेगा. मेरे बाप का रखा हुआ है."

या वेळी मी कुंकू लावलं नाही. मनातल्या मनात नाव घेतलं आणि तिथूनच गुलाबी लाइननं लाजपत नगर, पुढं जांभळीनं फरीदाबाद गाठलं.

दादानं एकेक प्लग खिडकीजवळ धरून पाहिला. तिसऱ्यावर थांबला.

"भेग आहे."

"कुठं?"

"चिनीमातीत. केसाएवढी. तुला नाही दिसायची."

मी प्लग घेतला. वहिनींचा चष्मा मागून घेतला आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिला. नखानं चाचपला. भेग नव्हती. खोलीत ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. आधीची सगळी कारणं खरी होती, म्हणून तो टाळतोय हे मला कळलं नव्हतं. हे पहिलं खोटं होतं, आणि ते सांगताना दादा माझ्याकडं बघत नव्हता.

"दादा, भेग नाहीये," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा शब्द खोडला.

त्यानं नाकातली नळी नीट केली. मग म्हणाला, "गावातून निघालो तेव्हा एक पेटी होती. इथं घर झालं, गाडी झाली. आता तिकडं जायचं म्हणजे कशाला जायचं ते मला माहीत नाही का? गाडी चालू होत नाही तोवर जायचं नाही, एवढंच माझ्या हातात उरलंय."

"तुमच्या हातात," वहिनी दारातून म्हणाल्या, "आणि आम्ही रात्रभर बसून तुमचा श्वास मोजायचा. आमच्या हातात काय?"

मी पाना घेतला आणि अंगणात गेलो.

चारही प्लग हातानं फिरवत बसवले. पहिल्यापासून पाना लावायचा नाही, आटी वाकडी बसली तर इंजिनाचं हेडच खराब होतं. हातानं टेकले की मगच पाना, आणि तोही बेतानं. वहिनींनी दादाला खुर्चीत बसवून, छोटा सिलिंडर जवळ ठेवून, दारापर्यंत आणलं होतं. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं आणि चालू झालं. मागून काळा धूर निघाला. वहिनींनी पदर दादाच्या तोंडापुढं धरला, त्यानं तो बाजूला केला. मी म्हणालो बंद करतो, तर त्यानं हातानंच थांब म्हटलं. हळूहळू आवाज एकसारखा झाला. त्याच्या ओठांना निळसर छटा आली होती आणि तो ऐकत होता. मला आनंद झाला नाही. मी मनात रामरक्षा म्हणत होतो.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बंद कर. एक प्लग काढ, बघू दे."

फडक्यानं धरून गरम प्लग त्याच्यापुढं केला. पेट्रोल नीट जळत असेल तर टोक बिस्किटासारखं तांबूस होतं. दादानं पाहिलं. कडेला थोडी काजळी, मधे तो रंग. मला वाटलं, आता हा काहीतरी काढेल. पण इंजिनानं दाखवलेल्या रंगाबद्दल त्याला खोटं बोलता आलं नाही.

"बरोबर आहेत," तो म्हणाला. आणि मग, "तिकिटं काढ. गाडीचं मागून बघू."

आठवड्याभरात निघालो. निजामुद्दीनहून दुपारी सुटणारी गोव्याची रेल्वे बेळगावला सोडते, तिथून आजरा जवळ पडतं. ऑक्सिजनवरच्या माणसाला न्यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, स्टेशनवर आधी जाऊन बोला, खालचा बर्थ आणि जादा सिलिंडर ठेवा. दादा खिडकीशी बसला होता. फरीदाबाद स्टेशन मागं गेलं तेव्हा त्यानं डोळे मिटलेले होते. झोपला नव्हता.

गावची हवा स्वच्छ आहे. सकाळी डोंगर दिसतो. दादा अंगणात खुर्ची टाकून बसतो. खोकला कमी आहे, पण मशीन तसंच चालू आहे. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेलं फुप्फुस परत येत नाही, आहे ते टिकवायचं. त्यांना जपा, आणि धुरापासून लांब ठेवा.

मी दिल्लीला परत निघायच्या आदल्या दिवशी वहिनी मला विहिरीपाशी भेटल्या. "भावजी, गाडी पाठवू नका. आली तर हे रोज तिच्यात जाऊन बसतील, रोज चालू करतील. मला माहितीये. त्या धुरात जातील."

"दादाला काय सांगू?"

"ते तुम्ही बघा."

मी दादाजवळ जाऊन बसलो आणि सरळ सांगितलं की गाडी इकडं आणणार नाही, भंगारात देणार आहे. त्यानं डोंगराकडं बघत विचारलं, "कुणी ठरवलं?"

"मी."

नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. संध्याकाळी आईच्या तसबिरीपुढं दिवा लावताना मात्र त्यानं मला हाक मारून काडीपेटी मागितली, नेहमीच्या आवाजात.

दिल्लीला परतलो. बायकोनं विचारलं, बरं वाटलं का त्यांना? काय सांगायचं? त्याला मी जगायला नेऊन ठेवलं की तिकडं मरायला, हे अजून मला कळत नाही. रोज पूजेच्या वेळी तेच विचारतो. एवढंच कळतं की इथल्या हवेत हा हिवाळा त्याला निघाला नसता.

काल सकाळी रजा टाकून फरीदाबादला गेलो. भंगार केंद्राची माणसं आली होती. मी गावाहून निघताना दादानं सही करून दिलेलं अधिकारपत्र त्यांनी वाचलं, इंजिन नंबर पाहिला आणि विचारलं, "पक्का है ना, साहब? बाद में वापस नहीं होगा."

मी पक्का है म्हटलं आणि सही केली.